बंद कारखान्याच्या जमिनीखाली तेल कुठवर गेले आहे? पुण्याच्या खडकातील चाचण्यांची पायरीपायरीने ओळख

पिंपरी-चिंचवड, भोसरी, हडपसर, मुंढवा या भागांतील अनेक जुन्या कारखान्यांच्या जागी आता गृहसंकुले आणि कार्यालये उभी राहत आहेत. अशा जागेत कधीकाळी डिझेल, फर्नेस ऑइल किंवा पेट्रोल साठवलेले असेल, तर जागा घेणाऱ्याला दोन प्रश्न पडतात: तेल गळले होते का, आणि गळले असल्यास ते आज कुठवर पोहोचले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मातीच्या काही नमुन्यांवरून मिळू शकते. दुसऱ्याचे उत्तर मात्र जमिनीखालचे पाणी कुठून कुठे आणि किती वेगाने वाहते हे मोजल्याशिवाय मिळत नाही. भूशास्त्र, स्थापत्य किंवा पर्यावरण अभियांत्रिकीची पदवी घेऊन या कामात नुकत्याच उतरलेल्यांसाठी हा लेख आहे आणि त्याचा भर या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

आरंभीच एक इशारा देणे आवश्यक वाटते. या विषयावरील बहुतेक पाठ्यपुस्तके वाळूच्या थरांवरील अनुभवातून लिहिलेली आहेत. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ १९७९ मध्ये तेलवाहिनी फुटून मोठ्या प्रमाणावर खनिज तेल जमिनीत मुरले. त्या जागेचा अभ्यास कित्येक दशके चालू राहिला असून, तेथे सूक्ष्मजंतू तेलातील बेंझीन या विषारी घटकाचे विघटन करत राहिल्यामुळे प्रदूषणाचा पट्टा भूजलाच्या वेगाच्या मानाने फारच कमी पुढे सरकला, असे दिसून आले. हा निष्कर्ष मोलाचा आहे, परंतु ती जमीन वाळूची आहे. पुणे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर वसलेले आहे, आणि येथे पाणी कणांच्या मधून नव्हे, तर मुख्यतः खडकाच्या भेगांतून वाहते. म्हणून पुस्तकातील प्रत्येक सूत्र वापरण्यापूर्वी ते आपल्या खडकाला लागू पडते का, हे तपासावे.

पायरी पहिली: कागद, माणसे आणि खडकाचा क्रम

खोदकामाच्या आधी कारखान्याचा जुना नकाशा मिळवावा. टाक्या कुठे होत्या, त्यांत काय होते, टँकर कुठे रिकामे होत, भट्ट्यांपर्यंत नळ कसे नेले होते आणि सांडपाण्याचे चर कोणत्या दिशेने जात होते, हे सर्व त्यावर उतरवावे. पेट्रोलियमच्या साठवणुकीला परवाना लागत असल्याने नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम तथा स्फोटक सुरक्षा संघटनेच्या परवान्यासोबतचे मंजूर आराखडे मालकाच्या जुन्या कागदांत अनेकदा सापडतात. कागद न मिळाल्यास जुना फोरमन किंवा वॉचमन शोधावा. कोणत्या पावसाळ्यात टाकीत पाणी शिरले होते, हे कागदापेक्षा त्यालाच अधिक ठाऊक असते.

कोणते तेल होते यावर पुढचे सारे अवलंबून आहे. पेट्रोल आणि डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्याने भूजलाच्या पातळीवर तरंगतात. पेट्रोलची घनता साधारण ०.७४ आणि डिझेलची ०.८४ असते. फर्नेस ऑइल इतके दाट असते की ते सहसा गळतीच्या जागेपासून फार दूर जात नाही. पेट्रोलमधील बेंझीन मात्र एका लिटर पाण्यात सुमारे १,७८० मिलिग्रॅमपर्यंत विरघळू शकते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील बेंझीनसाठी सुचवलेली मर्यादा लिटरमागे केवळ ०.०१ मिलिग्रॅम आहे. म्हणजे तरंगणारे तेल जागच्या जागी राहिले, तरी त्यातून विरघळलेला भाग पाण्याबरोबर दूर जातो. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० मध्ये बंद झाली, त्यामुळे पेट्रोलच्या टाकीजवळ सेंद्रिय शिसे आढळल्यास गळती त्याआधीची असण्याची शक्यता बळावते. इंजिनिअरिंग कारखान्यांत सुटे भाग धुण्यासाठी ट्रायक्लोरोएथिलीन वापरले जात असे. ते पाण्यापेक्षा जड असल्याने तळाकडे जाते आणि त्याच्या चाचणीची आखणी वेगळी असते, म्हणून त्याची चौकशी सुरुवातीलाच करावी.

आता खडक. पुण्यात वरून खाली जाताना साधारणतः काळी माती किंवा भराव, मग मुरूम, मग झिजलेला आणि भेगाळ बेसॉल्ट, आणि त्याखाली कठीण काळा पाषाण असा क्रम लागतो. नदीकाठी गाळाचे थर असतात. लाव्हाच्या एका प्रवाहाच्या वरच्या भागात वायूच्या पोकळ्या असलेला, बऱ्याचदा पांढऱ्या खनिजांनी भरलेला खडक असतो. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. दोन प्रवाहांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या, चिकणमातीसारख्या बोलचा थर असतो. हा थर पाणी अडवून धरतो, त्यामुळे खाली उतरणारे तेल त्याच्यावर आडवे पसरते आणि नकाशावरच्या उताराशी न जुळणाऱ्या दिशेनेही जाऊ शकते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मुख्यालय पुण्यातच आहे. परिसरातील निरीक्षण विहिरींच्या पातळीच्या नोंदी तेथून मिळवाव्यात.

या टप्प्यावर शेजारच्या पाचशे मीटरांतील सर्व बोअर, विहिरी आणि चालू बांधकामे नकाशावर आणावीत. आपल्याकडे बोअरला केसिंग पाइप सहसा कठीण खडक लागेपर्यंतच घालतात आणि खालचा भाग उघडाच राहतो. असे विनावापर पडलेले बोअर म्हणजे बोलचा थर भेदून प्रदूषण खालच्या थरात नेणारा तयार रस्ता होय. तळघरासाठी खोदलेल्या खड्ड्यातून बिल्डर दिवसरात्र पंपाने पाणी उपसत असेल, तर त्या काळापुरती भूजलाची दिशाच खड्ड्याकडे वळते. हडपसरच्या बाजूला मुठा उजव्या कालव्याचे झिरपणारे पाणीही पातळी वाढवते, आणि कालव्याचे आवर्तन चालू असताना व बंद असताना घेतलेल्या नोंदी वेगळ्या येऊ शकतात.

पायरी दुसरी: सुरक्षितता

ही पायरी थोडक्यात सांगतो, परंतु ती गाळता येणार नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात, चेंबरमध्ये आणि जुन्या विहिरीत साचते, आणि हवेत साधारण दीड टक्का वाफ झाली की ठिणगीने पेट घेऊ शकते. ज्वलनशील वायूचा मीटर सतत चालू ठेवावा आणि त्याचा आकडा खालच्या स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांवर गेला की काम थांबवावे. जुन्या विहिरीत किंवा टाकीत कोणीही उतरू नये. खोदकामाच्या आधी वीज, पाणी आणि गॅसच्या वाहिन्यांची खात्री करून घ्यावी.

पायरी तिसरी: वरच्या थराचा शोध

निरीक्षण विहिरी महाग असतात, म्हणून त्या कुठे घ्यायच्या हे ठरवण्यासाठी आधी स्वस्त चाचण्या कराव्यात. मुरमात हाताने किंवा छोट्या ऑगरने भोके घेऊन मातीचा नमुना बंद पिशवीत दहा-पंधरा मिनिटे ठेवावा आणि पिशवीतील हवा पीआयडी या वाफमापक यंत्राने तपासावी. पेट्रोलसाठी ही पद्धत चांगली चालते. डिझेल कमी उडनशील असल्याने यंत्राचा आकडा लहान आला तरी निर्धास्त होऊ नये. अशा वेळी डोळे, नाक आणि प्रयोगशाळेचा अहवाल यांवर अधिक भिस्त ठेवावी. भराव आणि मुरमाच्या सीमेवर, तसेच जुन्या नळांच्या चरांत नमुने अवश्य घ्यावेत, कारण चरातील मोकळ्या भरावातून तेल सहज पुढे सरकते.

पायरी चौथी: निरीक्षण विहिरी

सगळ्या कामाची गुणवत्ता येथे ठरते. सवयीने पाण्याच्या बोअरची गाडी बोलावली जाते. तिच्या डीटीएच (डाउन-द-होल, म्हणजे भोकाच्या तळाशी हवेच्या दाबाने चालणाऱ्या हातोड्याच्या) पद्धतीत दाबाखालची हवा भोकात सोडतात. त्यामुळे उडनशील घटक निघून जातात, प्रदूषित पाणी भेगांमध्ये ढकलले जाऊ शकते, आणि कंप्रेसरचे तेल नमुन्यात मिसळण्याचा धोकाही असतो. माझ्या मते, निदान दोन-तीन ठिकाणी तरी कोअर, म्हणजे खडकाचा अखंड दंडगोल, काढणारे यंत्र वापरावे. सुमारे ५४ मिलिमीटर व्यासाचा कोअर हातात आला की कोणत्या खोलीवर आडव्या भेगा आहेत, कोणत्या भेगेवर तेलाचा काळा डाग आहे आणि बोलचा थर नेमका कुठे आहे, हे प्रत्यक्ष दिसते. उरलेली भोके डीटीएचने घ्यावी लागली, तर त्यांतून मिळालेल्या पहिल्या काही दिवसांच्या नमुन्यांवर विश्वास ठेवू नये.

भोक बोलच्या थरापाशी थांबवावे. खालच्या थराची तपासणी हवी असेल, तर वरच्या भागात केसिंग घालून त्याभोवती सिमेंट व बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) भरावे, ते घट्ट झाल्यावरच पुढे खोदावे, आणि अशी विहीर प्रदूषणाच्या मध्यभागी घेण्याऐवजी कडेला घ्यावी. आपल्या तपासणीनेच वरचे तेल खाली पोहोचवले, असे होऊ नये.

विहिरीत चिरा असलेला पीव्हीसी पाइप बसवून त्याभोवती स्वच्छ, धुतलेली जाड वाळू भरावी, वर बेंटोनाइटचा थर द्यावा आणि तोंड कुलुपाच्या झाकणाने बंद करावे. चिरांची जागा कुठे ठेवावी, हा पुण्यात सर्वांत नाजूक निर्णय आहे. मे अखेरीस भूजल खाली गेलेले असते आणि ऑक्टोबरच्या सुमारास ते काही मीटर वर आलेले असते. चिरा उन्हाळ्यातील पातळीनुसार ठेवल्या, तर पावसाळ्यानंतर तरंगणारे तेल चिरांच्या वर, म्हणजे बंद पाइपच्या बाहेर राहते आणि विहिरीत स्वच्छ पाणी दिसते. उलट केल्यास उन्हाळ्यात विहीर कोरडी पडते. म्हणून चिरांचा भाग दोन्ही पातळ्या सामावून घेईल एवढा लांब ठेवावा, किंवा शेजारी-शेजारी उथळ आणि खोल अशा दोन विहिरी घ्याव्यात. दोन विहिरींचा खर्च मालकाला पटवणे अवघड जाते, तरी मी हाच पर्याय सुचवीन. लांब चिरांच्या विहिरीत वेगवेगळ्या भेगांतील पाणी एकत्र होऊन प्रदूषण पातळ झालेले दिसते.

विहिरींची संख्या तीनपेक्षा कमी नसावी. एक गळतीच्या वरच्या अंगाला, जेथील पाणी स्वच्छ असणे अपेक्षित आहे, आणि बाकीच्या खालच्या अंगाला, एका सरळ रेषेत न येतील अशा, घ्याव्यात.

पायरी पाचवी: दिशा मोजणे

प्रत्येक विहिरीच्या पाइपच्या काठावर एक खूण करावी आणि सर्वेक्षकाकडून तिची समुद्रसपाटीपासूनची उंची मिलिमीटरपर्यंत मोजून घ्यावी. सर्व विहिरींमधील पातळी एकाच दिवशी, शक्यतो सकाळी शेजारचे पंप सुरू होण्यापूर्वी, मोजावी. समजा, अ, ब आणि क या विहिरींतील पातळ्या अनुक्रमे ५५२.४०, ५५२.१० आणि ५५१.८० मीटर आहेत. अ आणि क यांना जोडणाऱ्या रेषेच्या मध्यावर पातळी ५५२.१० येते. तो बिंदू ब विहिरीला जोडला की समान पातळीची रेषा मिळते, आणि तिला काटकोनात, क च्या बाजूला, भूजलाचा उतार असतो.

विहिरीत तेल तरंगत असेल, तर साधा पातळीमापक चुकीची नोंद देईल. अशा वेळी तेल व पाणी यांची सीमा ओळखणारा इंटरफेस प्रोब वापरावा आणि तेलाच्या जाडीला त्याच्या घनतेने गुणून ती पाण्याच्या पातळीत मिळवावी. तेल-पाण्याची सीमा ५५१.५० मीटरवर आणि डिझेलचा थर ३० सेंटिमीटर असेल, तर ०.३० गुणिले ०.८४ म्हणजे ०.२५ मीटर मिळवून दुरुस्त पातळी ५५१.७५ मीटर येते. विहिरीत दिसणारी तेलाची जाडी ही खडकातील तेलाची जाडी नव्हे. पातळी खाली गेली की भेगांतील तेल विहिरीत उतरून थर जाड दिसतो, पावसाळ्यानंतर तोच थर नाहीसा होतो, आणि तेल संपले असा समज होतो. प्रत्यक्षात ते पातळीच्या चढ-उताराबरोबर काही मीटर खडकाला माखून बसलेले असते.

भेगाळ खडकात पाणी नेहमीच समान पातळीच्या रेषेला काटकोनात जात नाही. भेगा ज्या दिशेला धावतात तिकडे ते झुकते. म्हणून जवळपास उघडी खाण किंवा बांधकामाचा खड्डा असेल तर तेथील भेगांच्या दिशा होकायंत्राने मोजून नकाशावर मांडाव्यात.

पायरी सहावी: वेग मोजणे

खडकातून पाणी किती सहज जाते हे मोजण्यासाठी नवख्यांनी स्लग चाचणीपासून सुरुवात करावी. पीव्हीसीचा भरीव दांडा विहिरीत झटकन सोडला की पातळी एकदम वाढते. ती मूळ जागी येईपर्यंत सुरुवातीला सेकंदासेकंदाला आणि नंतर मिनिटामिनिटाला नोंद करावी. मग दांडा वर काढून उलट नोंद घ्यावी आणि ह्वोर्सलेव्ह किंवा बाउवर-राइस पद्धतीने जलवाहकता काढावी. या चाचणीत पाणी बाहेर काढावे लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. तिचा तोटा असा की ती विहिरीच्या भोवतालचा अगदी लहान भागच तपासते. ज्या विहिरीत तेल तरंगते आहे तेथे ही चाचणी करू नये. पंपिंग चाचणी मोठ्या क्षेत्राची माहिती देते आणि कोणत्या विहिरी भेगांनी एकमेकींशी जोडलेल्या आहेत हेही दाखवते, परंतु तीत उपसलेले प्रदूषित पाणी साठवण्याची सोय आधी करावी लागते.

हेन्री डार्सी यांनी १८५६ मध्ये मांडलेल्या नियमानुसार पाण्याचा प्रत्यक्ष वेग काढताना जलवाहकतेला उताराने गुणून प्रभावी सच्छिद्रतेने, म्हणजे ज्यांतून पाणी खरोखर वाहते अशा पोकळ्यांच्या प्रमाणाने, भागतात. जलवाहकता दिवसाला ०.५ मीटर आणि उतार ०.०१ धरला, तर २० टक्के सच्छिद्रतेच्या वाळूत वेग वर्षाला सुमारे ९ मीटर येतो. तोच हिशेब एक टक्का सच्छिद्रतेच्या भेगाळ बेसॉल्टसाठी केला, तर वर्षाला १८० मीटरांहून अधिक येतो. म्हणजे एका गृहीतकामुळे उत्तरात वीसपट फरक पडतो, आणि भेगाळ खडकाची सच्छिद्रता केवळ तर्काने ठरवून चालत नाही.

म्हणून रंगद्रव्याची चाचणी करावी. युरेनिन हे रंगद्रव्य वरच्या अंगाच्या विहिरीत सोडून खालच्या विहिरींत ते कधी पोहोचते हे फ्लुओरोमीटरने पाहिले, म्हणजे प्रत्यक्ष वेग कळतो. सोडण्याआधी सर्व विहिरींतील पाण्याची मूळ चमक मोजावी. वाहनांच्या कूलंटमध्ये पुष्कळदा हेच द्रव्य रंगासाठी घातलेले असते, त्यामुळे जुन्या वाहन कारखान्याच्या किंवा गॅरेजच्या जागेत कोणी काही सोडण्यापूर्वीच मीटर आकडा दाखवू लागतो. नमुने गडद बाटलीत ठेवावेत, कारण उन्हात हे द्रव्य नष्ट होते. परिसरातील सोसायट्यांना आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला आधी लेखी कळवावे. नळाला हिरवे पाणी आल्यावर खुलासा करत बसणे कोणालाच परवडणारे नसते. रंगद्रव्य पाण्याचा वेग दाखवते, तेलाचा नव्हे. बेंझीन त्याहून थोडे मागे राहते, आणि भेगेच्या दोन्ही बाजूंच्या सच्छिद्र खडकात मुरून पुढे वर्षानुवर्षे परत झिरपत राहते.

पायरी सातवी: पाण्याचे नमुने

बेलरने (दोरीने विहिरीत सोडायच्या नळीने) पाणी उपसून नमुना घेण्याची सवय टाळावी, कारण त्यात पाणी ढवळले जाऊन वाफ निघून जाते. मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर या संथ गतीने पंप चालवावा आणि सामू, विद्युतवाहकता व विरघळलेला प्राणवायू यांच्या सलग तीन नोंदी स्थिरावल्या की ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या भराव्यात. कुपीत आम्ल घातलेले असावे, आत हवेचा बुडबुडाही राहू नये, आणि ती बर्फात ठेवून एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत लवकर पोहोचवावी. दर खेपेला एक दुहेरी नमुना आणि शुद्ध पाण्याची एक कुपी सोबत असावी.

बेंझीन, टोल्युइन, एथिलबेंझीन, झायलीन, नॅफ्थलीन आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन यांबरोबरच प्राणवायू, नायट्रेट, विरघळलेले लोह, सल्फेट आणि मिथेन मोजावेत. सूक्ष्मजंतू तेल खाताना आधी प्राणवायू, मग नायट्रेट, मग लोह आणि सल्फेट वापरतात, व शेवटी मिथेन तयार होतो. त्यामुळे ही यादी विघटन कुठवर पोहोचले आहे ते सांगते. पुण्यात येथे एक गुंतागुंत होते. गळक्या सांडपाणी वाहिन्यांमुळे शहरी भूजलात नायट्रेट आधीच वाढलेले असू शकते, आणि सांडपाणी स्वतःही प्राणवायू संपवते. वरच्या अंगाच्या विहिरीशी तुलना केल्याशिवाय विघटन चालू आहे असा निष्कर्ष काढू नये. गळती अलीकडची असेल, तर पेट्रोलमधील इथेनॉलचाही विचार करावा. सूक्ष्मजंतू ते आधी खातात, तेवढा काळ बेंझीन तसेच राहते आणि लांब जाते.

नमुने मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये तरी घ्यावेतच, आणि तुलना मेची मेशी व ऑक्टोबरची ऑक्टोबरशी करावी. ऑक्टोबरात बेंझीन कमी आले तर ते पावसाने पातळ झालेले असू शकते. जास्त आले तर वर आलेले पाणी तेलाने माखलेल्या थराला भिडलेले असू शकते. पट्टा वाढतो आहे की आकसतो आहे, हे सांगण्यासाठी निदान दोन पावसाळे जाऊ द्यावेत. मालकाला सहा महिन्यांत निश्चित उत्तर हवे असते. तेवढ्या अवधीत केवळ आजची स्थिती सांगता येईल, आणि अहवालात तसे स्पष्ट लिहावे.

पायरी आठवी: नोंदी, कचरा आणि विहिरी बंद करणे

खोदकामातील तेलकट माती आणि उपसलेले पाणी बंद पिंपांत, तारीख व विहिरीचा क्रमांक लिहून ठेवावे आणि घातक कचऱ्याच्या नियमांनुसार रांजणगाव येथील सामाईक प्रक्रिया केंद्रासारख्या अधिकृत ठिकाणीच पाठवावे. प्रदूषण निश्चित झाल्यास पर्यावरण संरक्षण (दूषित स्थळांचे व्यवस्थापन) नियम, २०२५ लागू होऊ शकतात. त्यांत राज्य मंडळाकडून आधी प्राथमिक आणि मग सविस्तर तपासणी होते, तेव्हा कोअरच्या पेट्यांची छायाचित्रे, पातळ्यांच्या मूळ वह्या आणि प्रयोगशाळेचे कच्चे अहवाल जपून ठेवावेत. शेजारच्या ज्या बोअरचे पाणी तपासले असेल, त्या सोसायटीच्या सचिवांना निकाल मराठीत, लेखी द्यावा आणि पाणी पिण्यासाठी वापरले जात असल्यास पहिल्या शंकेबरोबरच वापर थांबवण्यास सांगावे. पुन्हा तपासणी नंतर करता येते.

काम संपल्यावर निरीक्षण विहिरी उघड्या सोडू नयेत. तळापासून वरपर्यंत सिमेंट आणि बेंटोनाइटचे मिश्रण नळीने भरून त्या बंद कराव्यात, त्यांची जागा अंतिम नकाशावर दाखवावी, आणि जागेवरचे जुने विनावापर बोअरही त्याच खेपेत भरून घ्यावेत.